वापर विभाग, चटई क्षेत्र आणि सार्वजनिक वाहतूक : मुंबईच्या गिरणगावाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महानगरांच्या विकासाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन वेगळ्या शीर्षकांखाली होते. पहिले शीर्षक जमिनीचे : कोणत्या जागेवर काय बांधावे, किती मजले चढवावेत, कोणत्या विभागात कोणता व्यवसाय चालावा. दुसरे वाहतुकीचे : रेल्वे, बस, मेट्रो, उड्डाणपूल. पहिल्या विषयाची कागदपत्रे महानगरपालिकेच्या नगररचना विभागात असतात, तर दुसऱ्याची रेल्वे मंडळात, बस उपक्रमात किंवा एखाद्या महामंडळात. वस्तुतः हे दोन विषय नाहीत. एखाद्या भूखंडावर गोदामाऐवजी कार्यालय बांधण्यास परवानगी दिली, की त्याच क्षणी रोज सकाळी तेथे किती माणसे येणार आणि संध्याकाळी किती परतणार, हेही ठरून जाते. परवानगीच्या कागदावर मात्र ती माणसे कोठेच दिसत नाहीत.

प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार मुंबईच्या गिरणगावाच्या आधारे केला आहे. हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, एकाच परिसरात जमिनीचा वापर पूर्णतः बदलला, त्या बदलाचे नियम लेखी उपलब्ध आहेत, त्यांवर न्यायालयीन निर्णय झाले आहेत आणि वाहतुकीकडे झालेल्या दुर्लक्षाची किंमत किती, हेही दुर्दैवाने नोंदले गेले आहे.

संज्ञांचे स्पष्टीकरण

विकास आराखडा म्हणजे शहराच्या जमिनीचा रंगीत नकाशा, असे ढोबळमानाने म्हणता येईल. निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती अशा वापर विभागांना त्यात वेगवेगळे रंग दिलेले असतात. रस्ते, शाळा, उद्याने, दवाखाने यांसाठी आरक्षणे दाखविलेली असतात. महाराष्ट्रात या आराखड्यांना महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चा आधार आहे. आराखडा नकाशात असतो, तर त्याचे व्याकरण विकास नियंत्रण नियमावलीत असते.

या नियमावलीतील सर्वांत प्रभावी संज्ञा म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधीव क्षेत्र उभारता येईल, हे तो सांगतो. दहा हजार चौरस फुटांच्या भूखंडावर निर्देशांक १.३३ असेल, तर सर्व मजले मिळून १३,३०० चौरस फूट बांधता येतात. हेच क्षेत्र निवासासाठी वापरले आणि एक सदनिका ५०० चौरस फुटांची धरली, तर सव्वीस कुटुंबे राहतील. कार्यालयासाठी वापरले आणि प्रत्येक कर्मचाऱ्यास १०० चौरस फूट दिले, तर १३३ माणसे काम करतील व ती जवळजवळ सर्वच एका ठरावीक तासाभरात येतील. निर्देशांक तोच, इमारतीची उंचीही तीच. रस्त्यावर आणि स्थानकावर पडणारा भार मात्र निराळा. म्हणूनच वापर विभाग बदलणे ही, मजले न वाढविताही, वाहतुकीची मागणी बदलणारी कृती असते.

तिसरी संज्ञा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला टीडीआर. आरक्षणासाठी जमीन देणाऱ्या मालकास रोख मोबदल्याऐवजी अन्यत्र वापरता येईल असा बांधकामाचा हक्क मिळतो. शासनाची तिजोरी न उघडता जमीन मिळविण्याची ही युक्ती आहे. ती चतुर आहे, यात शंका नाही. परंतु हा हक्क ज्या परिसरात उतरतो, तेथील गाड्या आणि पूल त्याबरोबर आपोआप वाढत नाहीत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत मुंबई कापडगिरण्यांचे शहर झाले. भायखळा, लालबाग, परळ, वरळी या पट्ट्यात गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांना लागून चाळी. १८७४ मध्ये घोड्यांच्या व १९०७ पासून विजेच्या ट्राम आल्या. तथापि गिरणी कामगाराचे मुख्य वाहन त्याचे पाय हेच होते. भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर त्याचे घर असे. पाळ्यांमुळे ये-जा दिवसभर विभागली जाई. कोकणातून व घाटावरून आलेल्या माणसांच्या दाटीने भरलेल्या, अस्वच्छ आणि रोगराईने ग्रासलेल्या या वस्तीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन करावा लागला, तो याच दाटीमुळे. परंतु वाहतुकीच्या दृष्टीने पाहता काम आणि घर यांतील अंतर जवळपास शून्य असणारी ही रचना होती.

१९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा या क्षेत्रातील पहिला कायदा. स्वातंत्र्यानंतर १९६४ च्या सुमारास चटई क्षेत्र निर्देशांक लागू झाला. शहर भागात तो १.३३ आणि उपनगरांत साधारणतः १ असा ठेवला गेला. निर्देशांक कमी ठेवला की गर्दी कमी राहील, असा त्यामागील विचार होता. गर्दी कमी झाली नाही. कायदेशीर बांधीव क्षेत्र कमी राहिले, एवढेच. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्येपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. नकाशात ज्यांच्यासाठी जागा नव्हती, ते नकाशाबाहेर राहू लागले.

गिरणी जमिनी आणि नियम ५८

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून थंडावल्या. मागे राहिली ती जमीन : शहराच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर, तीही मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही उपनगरी रेल्वेमार्गांच्या दरम्यान. परळ, करी रोड, एल्फिन्स्टन रोड, लोअर परळ ही चार स्थानके चालत जाण्याच्या अंतरावर. सार्वजनिक वाहतुकीशी जमिनीच्या वापराची सांगड घालण्याची याहून मोठी संधी देशातील क्वचितच एखाद्या शहरास मिळाली असेल.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ या जमिनींसाठी होता. गिरणी मालकास जमिनीचा विकास करावयाचा असेल, तर ढोबळमानाने एकतृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी महानगरपालिकेस, एकतृतीयांश स्वस्त घरांसाठी म्हाडास द्यावी आणि उरलेली एकतृतीयांश स्वतः विकसित करावी, असे त्याचे स्वरूप होते. भूखंडाच्या आकारानुसार टक्केवारीत फरक होता. १९९६ मध्ये राज्य शासनाने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांकडे सुटे भूखंड म्हणून न पाहता एकसंध परिसर म्हणून पाहावे, असा तिचा दृष्टिकोन होता. तो कागदावरच राहिला.

२००१ मध्ये नियम ५८ बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचीच करावी, असा अर्थ त्यातून निघाला. शब्दांचा हा फेरफार वरवर किरकोळ भासतो. परंतु गिरणीच्या आवाराचा बहुतांश भाग शेडखाली असतो. शेड पाडल्यानंतर मोकळी होणारी जमीन वाटणीतून वगळली गेली, आणि सार्वजनिक वाट्यास येणारे क्षेत्र झपाट्याने आक्रसले. या बदलास आव्हान देण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये आव्हान देणाऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरविला आणि २००१ चा नियम कायम राहिला.

या वादात मोकळी जागा आणि घरे यांची चर्चा पुष्कळ झाली, आणि ती आवश्यकच होती. मात्र गेलेल्या मोकळ्या जागेकडे केवळ बागबगीचा म्हणून पाहिले गेले. स्थानकाबाहेरचा चौक, रुंद पदपथ, बस वळविण्यासाठी लागणारा पट्टा, पुलाचा जिना उतरविण्यास लागणारी जागा, हीसुद्धा मोकळ्या जागेचीच रूपे आहेत. एकतृतीयांश वाट्यातून ती मिळू शकली असती. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन या गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे आले; फिनिक्सच्या जागी खरेदी संकुल, कमला मिलच्या आवारात कार्यालये व उपाहारगृहे. प्रत्येक आवाराने आपापली भिंत आणि आपापले प्रवेशद्वार राखले. आत काचेच्या इमारती. बाहेर गिरण्यांच्या काळातला रस्ता.

एल्फिन्स्टन रोडचा पूल

शुक्रवार, २९ सप्टेंबर २०१७. दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी साडेदहाच्या सुमारास जोरदार पाऊस आला. पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड आणि मध्य रेल्वेचे परळ या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर पावसापासून आडोसा शोधणारी माणसे थांबून राहिली. पाठोपाठ येणाऱ्या गाड्यांतून आणखी माणसे उतरत राहिली. जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जण मृत्युमुखी पडले.

पश्चिम रेल्वेच्या चौकशीत मुसळधार पाऊस हे कारण नमूद झाले. मुंबईत सप्टेंबरमध्ये पाऊस पडतो, ही बाब कोणत्याही पुलाच्या संकल्पचित्रकारास ठाऊक असावयास हवी. पुढील पंधरा-वीस वर्षांत येथे उतरणाऱ्यांची संख्या कशी बदलेल, ही बाब मात्र त्याला ठाऊक असण्याची कोणतीच व्यवस्था नव्हती. एल्फिन्स्टन रोडचा पूल गिरणगावाच्या काळातील वर्दळीसाठी होता. भोवतालचा वापर विभाग बदलला तेव्हा त्या पुलाची रुंदी किती असावी, हा प्रश्न नियम ५८ च्या कोणत्याही मसुद्यात नव्हता. नव्या रुंद पुलास रेल्वेने दुर्घटनेपूर्वी मंजुरी दिलेली होती. काम सुरू झालेले नव्हते.

त्यानंतरच्या घडामोडी बोलक्या आहेत. लष्कराच्या अभियंत्यांना पाचारण करण्यात आले आणि फेब्रुवारी २०१८ अखेरीस नवा पादचारी पूल खुला झाला. जे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, ते काही महिन्यांत पार पडले. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती आणि फारशी पैशाचीही नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. त्याच महिन्यात शेजारच्या लोअर परळचा डिलाईल रस्त्यावरील पूल धोकादायक ठरवून बंद करण्यात आला. तो पूर्णपणे खुला होण्यास नोव्हेंबर २०२३ उजाडले. रुळांवरील भाग रेल्वेचा आणि दोन्ही बाजूंचे उतार महानगरपालिकेचे, अशी त्या कामाची विभागणी होती. एका पुलाला दोन मालक असले की तो पाच वर्षे पूर्ण होत नाही, याचे हे उदाहरण शासकीय प्रशिक्षण वर्गात शिकविण्याजोगे आहे.

जबाबदारीची विभागणी

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार रेल्वे हा केंद्राच्या सूचीतील विषय आहे, तर जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्याच्या सूचीत येतात. त्यामुळे मुंबईत भूखंडाचा वापर राज्य शासन व महानगरपालिका ठरवितात, आणि त्या वापरामुळे निर्माण होणारे प्रवासी केंद्र शासनाच्या गाडीत चढतात. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यातील विषयांत रस्त्यांबरोबर रेल्वेचाही उल्लेख आहे. कायद्याला हा संबंध माहीत आहे. तो अंमलात आणणारे हात मात्र वेगळे आहेत. १९७५ मध्ये स्थापन झालेले मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि १९९९ मध्ये केंद्र व राज्य यांनी मिळून काढलेले मुंबई रेल्वे विकास महामंडळ हे सांधे जुळविण्याचे प्रयत्न होत. त्यांनी नवे मार्ग व नव्या गाड्या आणल्या. तथापि एखाद्या इमारतीस परवानगी देण्यापूर्वी जवळच्या स्थानकाची क्षमता तपासून नकार देण्याचा अधिकार त्यांपैकी कोणाकडेही नव्हता.

येथे एक तपशील लक्षात घेण्यासारखा आहे. इमारतीत किती मोटारी उभ्या राहतील, याचा हिशेब नियमावली काटेकोरपणे मागते. कार्यालयाच्या ठरावीक चौरस मीटरमागे एक वाहनतळ, असे कोष्टकच तीत दिलेले असते. त्या कार्यालयात रेल्वेने येणारी माणसे स्थानकापासून कोणत्या पदपथाने चालतील, तो किती रुंद असावा, यासाठी मात्र तसे कोष्टक नाही. बहुसंख्य मुंबईकर रेल्वेने, बसने किंवा पायी कामावर जातात. नियमावलीत मोजला जातो तो मोटारीतून येणारा अल्पसंख्य.

कोविडपूर्व काळात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रोज सुमारे ७५ लाख प्रवास होत. वाशीम जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या सुमारे ११ लाख ९७ हजार आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अंदाज येतो. गर्दीच्या वेळी गाडीत एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ माणसे उभी राहतात. रेल्वेच्या परिभाषेत या स्थितीस स्वतंत्र नाव आहे, म्हणजे ती अपवाद न राहता नोंदीचा विषय झाली आहे. २०२३ या एका वर्षात या मार्गांवर अडीच हजारांहून अधिक मृत्यू झाले. रूळ ओलांडताना आणि चालत्या गाडीतून पडून झालेले मृत्यू त्यांत प्रमुख आहेत.

घरे उत्तरेकडे, कामे दक्षिणेकडे

मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दशकात तत्कालीन ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांपलीकडे गेली. ज्या काळात परळ-वरळीत कार्यालये वाढत होती, नेमक्या त्याच काळात माणसे राहावयास कल्याण, डोंबिवली, वसई, विरारकडे जात होती. बाजारभाव हे याचे एक कारण. नियम हे दुसरे. १९९१ च्या नियमावलीनुसार टीडीआर शहर भागात वापरता येत नव्हता आणि तो उगमस्थानाच्या उत्तरेस असलेल्या उपनगरांतच उतरविता येई. दक्षिणेतील गर्दी वाढू नये, हा हेतू. घरे उत्तरेस ढकलली गेली. नोकऱ्यांना तसा कोणताही नियम नव्हता.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ, दारात लटकून प्रवास करणारे काही जण गाडीतून पडून मरण पावले. त्या दिवशीची चर्चा गाड्यांना आपोआप बंद होणारे दरवाजे असावेत की नसावेत, याभोवती फिरली. ती रास्त होती. परंतु दाराशी लटकणारी माणसे इतक्या लांबून का येतात, या प्रश्नाचे उत्तर रेल्वेच्या कारखान्यात न मिळता विकास नियंत्रण नियमावलीत मिळते.

गिरणी कामगारांच्या घरांची कथा याच चौकटीत पाहावी लागते. जून २०१२ मध्ये गिरण्यांच्या जमिनीवर बांधलेल्या घरांची पहिली सोडत निघाली. घरे काही हजार आणि अर्जदार लाखाहून अधिक. पुढे जमीन अपुरी पडल्याने शेलू व वांगणी येथे घरे देण्याची योजना पुढे आली. (हे शेलू म्हणजे मंगरुळपीरजवळचे शेलू बाजार नव्हे, मध्य रेल्वेवर बदलापूरच्या पुढे, कर्जतच्या अलीकडे असलेले गाव.) कामगार संघटनांनी या स्थलांतरास विरोध केला आणि जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात आंदोलन केले. ज्याचे घर भोंग्याच्या हाकेवर होते, त्याच्या वारसास त्याच जमिनीच्या बदल्यात दीड-दोन तासांच्या रेल्वे प्रवासावर घर मिळणार होते. नुकसानभरपाईच्या हिशेबात या प्रवासाची किंमत कोणत्या रकान्यात धरावयाची, हे कोणी सांगितलेले नाही.

मेट्रो आणि तिचा खर्च

गिरणगावास थेट स्पर्श करणारी भुयारी मेट्रो मार्गिका ३ टप्प्याटप्प्याने आली. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा भाग ऑक्टोबर २०२४ मध्ये, वरळीपर्यंतचा मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. एकूण लांबी साडेतेहतीस किलोमीटर. नियम ५८ लागू झाल्यापासून हा मार्ग पूर्ण होईपर्यंत चौतीस वर्षे गेली. दरम्यान आलेली मोनोरेल लोअर परळमार्गे संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोहोचली, परंतु प्रवाशांनी तिला फारसे जवळ केले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सुधारणांसाठी बंद ठेवण्यात आली. आणि बेस्टची बस? शहरातील स्वस्त आणि लवचीक असलेल्या या सेवेच्या ताफ्यात २०१० च्या सुमारास चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ मध्ये त्या तीन हजारांच्याही खाली आल्या. बसचे उद्घाटन समारंभपूर्वक होत नाही, हे तिच्या उपेक्षेचे एक कारण असावे.

मेट्रोसाठी पैसा कोठून आणावा, हा प्रश्न जमिनीशीच येऊन थांबतो. मार्ग आला की लगतच्या जमिनीचे मोल वाढते. ही वाढ मालकाच्या कष्टाची नसते. हाँगकाँगमध्ये रेल्वे महामंडळास स्थानकांवरील व लगतच्या जमिनीचे विकास हक्क रेल्वेपूर्व किमतीने दिले जातात आणि वाढलेल्या मोलातून मार्गाचा खर्च निघतो. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ पासून जलद बसचे ठरावीक अक्ष आखले आणि उंच इमारतींना परवानगी मुख्यतः त्या अक्षांलगतच दिली. म्हणजे एका ठिकाणी जमिनीने गाडीचा खर्च उचलला, तर दुसऱ्या ठिकाणी गाडीने इमारतींची जागा ठरविली. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, पुणे, ठाणे व नागपूर येथे मालमत्तेच्या व्यवहारांवर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार आकारण्यात आला. वसुलीस हा मार्ग सोपा आहे. परंतु स्थानकासमोरील मनोऱ्यात घर घेणारा आणि मेट्रोपासून दहा किलोमीटरवर जुने घर घेणारा, दोघांनाही दर एकच. मोल कोणाचे वाढले, हे त्यात पाहिले जात नाही.

नागपूर आणि कारंजा

विदर्भातील परिस्थिती वेगळी आहे आणि म्हणूनच अधिक आशादायक. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात एकाच दिवशी मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे पूर्ण मार्ग आणि समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग यांचे लोकार्पण झाले. नागपूर मेट्रोच्या दोन्ही बाजूंच्या ५०० मीटर पट्ट्यात, रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचे आकारमान यांनुसार, कमाल ४ पर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. मुंबईत इमारती आधी आल्या आणि गाडी मागाहून. येथे गाडी आधी आली. हा क्रम योग्य आहे. मात्र वाढीव निर्देशांकासोबत रुंद पदपथ, सायकलसाठी जागा आणि पोषक बससेवा यांची सक्ती नसेल, तर पट्ट्यात उभ्या राहिलेल्या इमारतींतील रहिवासी मोटारीनेच बाहेर पडतील. खापरीच्या दिशेने जाणाऱ्या मार्गावर अजून पुष्कळ मोकळी जमीन आहे. तेथे हा प्रश्न वेळेत सोडविता येतो.

समृद्धी महामार्गाने हाच विषय वाशीम जिल्ह्याच्या दारात आणला आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण झाला. त्यावर चढण्या-उतरण्याची ठिकाणे मोजकी आहेत आणि कारंजा व शेलू बाजार ही त्यांपैकी होत. अशा ठिकाणांलगत कृषी समृद्धी नगरे वसविण्याची कल्पना प्रकल्पाच्या आरंभापासून मांडली गेली आहे : शेतजमिनीचा वापर विभाग बदलून तेथे प्रक्रिया उद्योग, गोदामे, निवास. कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावांना त्याचा लाभ होऊ शकतो. परंतु महामार्गावर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना प्रवेश नाही. धनजच्या तरुणाची मोटारसायकल आपल्याच तालुक्यातून जाणाऱ्या या रस्त्यावर चढू शकत नाही. नव्या नगरातील गोदामात त्यास काम मिळाले, तर तो गावच्या रस्त्याने, एस.टी.ने किंवा काळीपिवळीनेच जाणार. त्या प्रवासाची व्यवस्था महामार्ग बांधणाऱ्या महामंडळाची नाही, आणि एस.टी. महामंडळाशी नगराच्या आराखड्याचा संबंध कोणत्या टप्प्यावर येतो, हे अगोदर ठरलेले नसते. परळमध्ये जो सांधा निखळला, तो हाच.

कारंज्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंदमापी रेल्वे, लोकांची शकुंतला, शंभर वर्षांहून अधिक काळ धावली. तिची प्रवासी सेवा गेल्या दशकात थांबली. मार्गाच्या रुंदीकरणाची मागणी मात्र टिकून आहे. कारंज्याच्या व नियोजित नगराच्या आराखड्यात या पट्ट्यास कोणता रंग दिला जातो, एस.टी. थांब्यासाठी आणि पायी येणाऱ्यांसाठी जागा भूखंड पाडण्यापूर्वी राखली जाते की नंतर, हे पाहणे अगत्याचे आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर विहित मुदतीत लेखी हरकती व सूचना दाखल करण्याचा हक्क १९६६ च्या अधिनियमाने रहिवाशांना दिला आहे. त्या मुदतीत ग्रामपंचायतींनी मागावयाची पहिली कागदपत्रे दोन : नव्या वापर विभागांत किती माणसे काम करतील याचा अंदाज, आणि ती माणसे कोणत्या वाहनाने येतील याचा तक्ता.